शिक्षक समोर नसताना

१९८९ च्या पावसाळ्यात मी माझ्या आईला लिहायला-वाचायला शिकवायचं ठरवलं. आम्ही तेव्हा घाटकोपरला, डोंगराच्या बाजूच्या एका चाळीत राहत होतो. मी एकवीस वर्षांची होते. दहावी रात्रशाळेतून झालेली आणि एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात लागलेली. राष्ट्रीय साक्षरता अभियान आदल्याच वर्षी सुरू झालं होतं आणि त्याचा उत्साह हवेत होता. शेजारच्या मुलाचं पहिलीचं पुस्तक मागून आणलं, पाटी-पेन्सिल आणली आणि रात्रीची भांडी झाली की आईला दिव्याखाली बसवू लागले. हे अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी तिनं पाटी पुसली, फळीवर ठेवली आणि म्हणाली, “राहू दे गं. माझ्या डोक्यात नाही शिरत.”

मी तिचं म्हणणं खरं मानलं. त्याहून वाईट म्हणजे तिनंही ते खरं मानलं.

लहान मुलाला एखादा विषय जमला नाही तर आईबाप शाळेत जाऊन विचारतात, शिकवणी लावतात, शिक्षकांना नावं ठेवतात. प्रौढ माणसाचं तसं नसतं. त्याला जमलं नाही की तो दोष स्वतःच्या डोक्याला देतो आणि गुपचूप उठून जातो. त्याच्या उठून जाण्याला आपल्याकडे ‘गळती’ म्हणतात. जणू माणूस म्हणजे नळाचं पाणी! पाठ कसा बांधला होता, हे विचारायला कुणी येत नाही.

मी पदवीधर आहे, पण संशोधनाची पदवी माझ्याकडे नाही. रद्दीच्या दुकानांतून आणि मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात बसून जे जमलं तेवढंच माझं शिक्षण. गेली वीस-पंचवीस वर्षं प्रौढांच्या शिक्षणाचे कागद मी जमवते आहे. साक्षरतेच्या पुस्तिका, टपालानं आलेले पाठ, मुक्त विद्यापीठाची पुस्तकं, संगणकाच्या सीडी. हे सगळं एका प्रश्नापाशी येऊन थांबतं. दिवसभर राबून आलेल्या माणसासमोर, शिक्षक जवळ असो वा नसो, पाठ मांडायचा कसा? आज ऑनलाइन शिक्षणाच्या अभ्यासकांपुढे हाच प्रश्न आहे आणि त्याची काही चांगली उत्तरं आमच्या उपनगरांतच, पवईत, शोधली गेली. त्या उत्तरांपर्यंतची वाट मात्र पावणेदोनशे वर्षांची आहे.

शाळेनं वेळ बदलली

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. या शाळेचा उल्लेख आपण नेहमी आदरानं करतो, पण तिच्यातला साधा शोध नजरेआड होतो. माणूस शाळेच्या वेळेला येऊ शकत नसेल, तर शाळेनं माणसाच्या वेळेला यायचं, हा तो शोध. प्रौढ शिक्षणाच्या मांडणीतलं हे पहिलं पाऊल म्हणायला हवं. पुढं १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं निवेदन देताना जोतीरावांनी कष्टकऱ्यांच्या करातून उच्चवर्णीयांचं उच्च शिक्षण पोसलं जातं, असं बजावलं. त्यामागंही असा अनुभव असलेला माणूस होता.

मुंबईत गिरण्या वाढल्या तशा रात्रशाळा वाढल्या. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगनं कामगार वस्तीत रात्रशाळा चालवल्या, फिरती वाचनालयं चालवली. पुस्तकांची पेटी चाळीत नेऊन पोचवायची, ही कल्पना आज मोबाइलवर पाठ पोचवण्याच्या कल्पनेची थोरली बहीण वाटते.

माझ्या रात्रशाळेत सोळा वर्षांपासून चाळिशीपर्यंतची माणसं होती. इमारत दिवसा प्राथमिक शाळेची, त्यामुळे बाकं लहान मुलांची. उंच माणसांचे गुडघे बाकाखाली मावत नसत, ते कडेला पाय काढून तिरके बसत. आमची पुस्तकंही तशीच होती. व्याजाचं गणित पोस्टात खातं असलेल्या माणसालाही पहिल्यापासून, त्यानं कधी पैसा पाहिलाच नाही अशा थाटात शिकवलं जाई. शिक्षक प्रेमळ होते, ते स्वतः दिवसाची नोकरी करून येत. पण रात्रशाळेनं बदलली ती वेळ. पाठ मुलांचाच राहिला.

मोहिमा आणि पुस्तिका

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि साक्षरता हा सरकारचा विषय झाला. १९३९ मध्ये मुंबई शहरात प्रौढ शिक्षण समिती स्थापन झाली, तीच पुढं मुंबई शहर समाज शिक्षण समिती म्हणून ओळखली गेली. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचं, साऱ्या गावानं मिळून शपथ घ्यायची आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची पद्धत. ही मोहीम राज्यभर पसरली आणि १९७२ मध्ये तिला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला.

मोहिमेनं लोक एकत्र आणले, लाज घालवली. शिकणं ही गावाच्या अब्रूची गोष्ट केली. पण समारंभानंतर वाचायला काही हाती नसेल तर आलेली अक्षरं पुसट होत जातात. साक्षर झालेली माणसं पुन्हा निरक्षर होतात, हा अनुभव जगभरच्या मोहिमांना आला, तसा तो महाराष्ट्रालाही आला. जमलेली गर्दी मोजता येते, पण पाठ मनात किती टिकला ते मोजायला वेगळं माप लागतं.

ते माप पुस्तिकेतच घालण्याचा प्रयत्न राष्ट्रीय साक्षरता अभियानानं केला. ५ मे १९८८ रोजी सुरू झालेल्या या अभियानानं पुढं ‘सुधारित गती आणि आशय’ अशी पद्धत स्वीकारली. आधीच्या एका जाड पुस्तकाऐवजी चढत्या क्रमाच्या तीन पुस्तिका, सगळं मिळून सुमारे २०० तासांचं शिक्षण आणि पुस्तिकेच्या आतच थोड्या थोड्या अंतरावर चाचण्या. चाचणी शिकणाऱ्यानं स्वतः सोडवायची आणि आपण कुठवर आलो हे स्वतः पाहायचं. माझ्या संग्रहात अशा पुस्तिका आहेत. काहींत चाचणीची पानं पेन्सिलीनं भरलेली आहेत. खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं. ती पानं पाहताना मला अजून गलबलून येतं. कोणी तरी रात्री दिव्याखाली स्वतःला तपासून पाहिलेलं आहे.

सुरुवात अक्षरापासून करायची की शब्दापासून, हा वाद तर फार जुना. ब्राझीलमध्ये १९६३ साली पाउलो फ्रेइरे यांनी आंजिकोस या गावी सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. त्यांनी आधी त्या लोकांच्या बोलण्यातले, त्यांच्या जगण्याला भिडलेले शब्द गोळा केले आणि पाठ त्यांवर उभा केला. आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे फकीरचंद कोहली यांनी २००० साली संगणकाच्या मदतीनं प्रौढ साक्षरतेचा जो कार्यक्रम आणला, त्याचाही दावा सुमारे ४० तासांचाच होता. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या मेदक जिल्ह्यात त्याची सुरुवात झाली आणि तो पुढं मराठीसह इतर भाषांतही गेला. मुळाक्षरं घोकून घेण्याऐवजी पडद्यावर चित्र, आवाज आणि अख्खा शब्द एकत्र दाखवायचा आणि शब्दाचे तुकडे करत अक्षराशी यायचं, अशी त्याची रचना. एक प्रयोग मजुरांच्या चळवळीतून आला, दुसरा संगणक कंपनीतून. दोघांचा राजकीय विचार दोन टोकांचा असेल, पण पाठाची सुरुवात कुठून करायची याबद्दल दोघे जवळजवळ एकाच जागी पोचले. प्रौढ माणूस रिकामी पाटी घेऊन येत नाही, ही ती जागा.

हे मला पुस्तकातून कळलं त्याआधी आईकडून कळायला हवं होतं. लग्न होऊन मी मुलुंडला आले. आई घाटकोपरहून मला भेटायला येई, एकटीच. एकदा तिला परत सोडायला गेले आणि विचारलं, “कुठली गाडी येते ते तुला कसं कळतं? विचारत बसतेस का कुणाला?” ती हसली. म्हणाली, “विचारायचं काय त्यात? येताना इंडिकेटरवर ‘ठा’ लागला की ठाण्याची स्लो. ‘क’ असला तर बघून चढायचं.” रेशनकार्डावरचं वडिलांचं नाव तिला ओळखू येत होतं. रॉकेलच्या रांगेतला स्वतःचा आकडा येत होता. चाळीतल्या भिशीचा हिशेब ती तोंडी ठेवी आणि तो कधी चुकला नाही. तिला ‘ठा’ येत होता. मी मात्र तिला अकरा दिवस कमळाच्या ‘क’ पाशी बसवून ठेवलं होतं आणि तिला आधीच काय येतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

टपालानं आलेले मास्तर

आता दुसरी वाट पाहू. इथं शिकणाऱ्याला वाचता येतं, पण शिक्षक जवळ नाही. इंग्लंडमध्ये स्वस्त टपाल सुरू झालं त्याच १८४० साली आयझॅक पिटमन यांनी लघुलेखन टपालानं शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी उतारा लिहून पाठवत, पिटमन तो तपासून परत करत. यातली खरी गोष्ट टपाल ही नव्हे, परत आलेला तपासलेला कागद ही आहे.

मराठी वाचकाला यासाठी लंडनला जायचं कारण नाही. तर्खडकरांची ‘भाषांतर-पाठमाला’ आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांच्या फळीवर होती. तिच्या पाठाची बांधणी बघा. आधी मोजके शब्द, मग एक लहानसा नियम, मग त्याच शब्दांची नि नियमाची इंग्रजीतून मराठीत आणायची वाक्यं आणि लगेच मराठीतून इंग्रजीत न्यायची वाक्यं. नवा पाठ जुन्यावर उभा. अमेरिकेत बी. एफ. स्किनर यांनी १९५० च्या दशकात लहान लहान पायऱ्या आणि तत्काळ उत्तर यांवर आधारलेलं ‘शिकवणारं यंत्र’ मांडलं, त्याच्या कितीतरी आधी कोकणातली, देशावरची मुलं आणि कारकून या पायऱ्या चढत होते.

मुंबई विद्यापीठानं १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचं संचालनालय सुरू केलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात पहिले विद्यार्थी शिकू लागले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. बारावी न झालेल्या प्रौढालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीच्या वर्गात येता येईल, हे दार या विद्यापीठानं उघडलं. मी १९९३ मध्ये त्या दारातून आत गेले.

पुस्तकांचा पहिला गठ्ठा हातात आला तेव्हा मला त्यांचा आकार विचित्र वाटला होता. इतर पाठ्यपुस्तकांसारखी ती सलग बोलत नसत. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टं : हा घटक वाचून झाल्यावर तुम्हाला अमुक सांगता येईल, तमुक स्पष्ट करता येईल. मग प्रास्ताविक, मग विषय-विवेचन, तेही तुकड्यातुकड्यांनी. मध्येच स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, सारांश, कठीण शब्दांचे अर्थ आणि शेवटी त्या प्रश्नांची उत्तरं. शिवाय क्षेत्रीय कार्य म्हणून आपल्याच परिसरात जाऊन काही पाहून येण्याची सूचना. मला तेव्हा वाटलं, ही सजावट आहे.

ती सजावट नव्हती, हे लोकलमध्ये कळलं. मुलुंडहून कामाच्या ठिकाणी जाताना मला मोजून पंचवीस मिनिटं मिळत, तीही बसायला मिळालं तर. एवढ्या वेळात एक तुकडा वाचून होई, पुस्तक मिटून प्रश्नाचं उत्तर मनात जुळवता येई आणि उतरायच्या आत मागच्या पानावर ते ताडून बघता येई. मूल झोपल्यावर पुन्हा बसले तर कुठं सोडलं होतं ते लगेच सापडे. स्वीडनचे बोर्ये होल्मबर्ग हे दूरशिक्षणाचे अभ्यासक म्हणत, की चांगला छापील पाठ हा विद्यार्थ्याशी चाललेला संवाद असतो. मी ते नाव पुष्कळ नंतर वाचलं. पण ठाण्याच्या स्लो गाडीत कुणी तरी माझ्याशी थांबत थांबत बोलतंय, माझ्या उत्तराची वाट बघतंय, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. रविवारच्या संपर्कवर्गाला दर वेळी जाता आलं नाही. पुस्तकं मात्र हजर राहिली. १९९७ मध्ये मी बी. ए. झाले.

माउस धरलेला हात

संगणक आला तेव्हा आमच्या पिढीला आईच्या जागी बसावं लागलं. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा, पहिल्या दहा पाट्यांत एक या वर्गाची असे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना संगणकाची अर्हता आवश्यक झाल्यावर पंचेचाळीस-पन्नाशीचे कारकून, तलाठी, शिक्षिका कॉलेजच्या पोरांशेजारी येऊन बसू लागल्या. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी हा अभ्यासक्रम केला आहे.

मी २००४ मध्ये तो केला. पहिल्या दिवशी माझ्या शेजारच्या बाईंचा माउस टेबलाच्या कडेला पोचला, बाण मात्र पडद्याच्या मध्यावरच. “पुढं जागाच नाही,” त्या घाबरून म्हणाल्या. माउस उचलून पुन्हा मागं ठेवायचा, एवढीच ती गोष्ट. पण ज्यानं कधी तो धरला नाही त्याला ती सुचणार कशी? या अभ्यासक्रमात पडदाच शिकवत असे. मराठीत समजावून सांगे, करून दाखवी, मग आपल्याकडून करून घेई. वर्गातला तरुण मार्गदर्शक फक्त अडलं तर धावून येई. चुकलं तरी पडदा हसत नाही, हे पन्नाशीच्या माणसाला किती मोठं अभय आहे ते तिथं बसल्याशिवाय कळत नाही. ज्याला कळलं नाही त्याला तेच पुन्हा दहा वेळा बघता येतं आणि हे कुणाला सांगावं लागत नाही.

अर्थात, पडदा धीर देतो तशी फसवणूकही करतो. बघितलं म्हणजे आलं, असं वाटायला लावतो. पवईतलं काम महत्त्वाचं वाटतं ते इथं.

पवईचा धडा

२००९ मध्ये केंद्र सरकारनं माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्याच्या आधारानं मुंबई आयआयटीत अनेक प्रकल्प उभे राहिले. दीपक फाटक यांनी पवईतून एकाच वेळी देशभरच्या केंद्रांतल्या हजारो अभियांत्रिकी प्राध्यापकांना शिकवण्याचे प्रयोग केले. शिकवणाऱ्यांनाच शिकवायचं, म्हणजे हेही प्रौढ शिक्षणच. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा केला. मुक्त संगणक-प्रणाली शिकवणारे, साधारण दहा मिनिटांचे, आवाजासह चालणारे पडद्याचे पाठ.

या पाठांच्या निर्मितीची पद्धत मी बारकाईनं पाहिली आणि मला तर्खडकरांची आठवण झाली. आधी रेकॉर्डिंग होतच नाही. आधी संहिता लिहायची, दोन रकान्यांत. एका रकान्यात पडद्यावर काय घडतंय, दुसऱ्यात त्या क्षणी काय बोललं जातंय. वाक्यं छोटी. आरंभी या पाठात काय शिकणार, काय आधी येत असायला हवं, शेवटी सारांश आणि स्वाध्याय. संहिता झाली की ती जाणकार तपासतो, पण त्याबरोबर नवखाही तपासतो! विषय अजिबात न येणारा माणूस संहिता वाचत वाचत प्रत्येक कृती करून बघतो. तो जिथं अडला तिथं संहिता दुरुस्त होते. दुरुस्ती नवख्याची करायची नाही, पाठाची करायची. आईच्या पाटीपासून मी जे शोधत होते ते मला या एका नियमात सापडलं.

शिकण्याची रीतही ठरलेली. पडद्याच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला ती प्रणाली उघडी. पाठातलं एक पाऊल बघायचं, पाठ थांबवायचा, तेच पाऊल स्वतः टाकायचं. पडद्यावर जे दिसलं तेच आपल्याकडे आलं, की पुढं. म्हणजे तपासलेला कागद परत यायला पिटमनच्या विद्यार्थ्याला जे दिवस लागत, ते इथं काही सेकंदांवर आले. पडद्यावरची प्रणाली इंग्रजीत ठेवून आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिला, कारण नोकरीच्या ठिकाणी प्रणाली इंग्रजीतच भेटणार, समजून मात्र आपल्या भाषेत घ्यायचं. इंटरनेट नसेल तिथं हे पाठ आधी उतरवून किंवा सीडीवरून चालवता येत. कार्यशाळा चालवणारा माणूस त्या विषयातला तज्ज्ञ असण्याची गरज नव्हती, कारण शिकवण्याचं काम पाठावर सोपवलेलं होतं.

दरम्यान जगात मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची लाट आली. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी नावं नोंदवली आणि शेवटपर्यंत पोचले ते वीस-तेवीस हजार. पुन्हा तीच ‘गळती’. २०१४ मध्ये एडएक्सच्या अभ्यासक्रमांतली जवळपास ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली गेली. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक सरासरी सहा मिनिटांच्या पुढं टिकत नाहीत, असं त्यात दिसलं. माझ्या लोकलच्या पंचवीस मिनिटांची मला कीव आली नाही, उलट पुस्तकाच्या तुकड्यांचं कौतुक वाटलं.

पवईत २०१० मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र संशोधन-कार्यक्रम सुरू झाला. तिथले सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम चालवले आणि त्या अनुभवातून विद्यार्थीकेंद्री अभ्यासक्रमाचा एक आराखडा मांडला. त्याचे चार भाग मी माझ्या भाषेत सांगते. पहिला, संवाद करणारा व्हिडिओ. यात शिक्षक मध्येच प्रश्न विचारतो, थांबून उत्तर लिहायला सांगतो आणि मगच त्या उत्तराचा धागा पकडून पुढं जातो. दुसरा, करून शिकणं. प्रत्येक संकल्पनेपाठोपाठ छोटी कृती आणि तिच्यावर नेमका अभिप्राय, म्हणजे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ यापलीकडे, का चुकलं ते. तिसरा, वाटा. ज्याला जास्त यायचंय त्याला पुढची, ज्याला पाया हवाय त्याला मागची, म्हणजे सगळ्यांनी एकाच बाकावर तिरकं बसायला नको. चौथा, अनुभवांची देवाणघेवाण. आपल्या वर्गात हे कसं वापरलं ते शिकणाऱ्यांनी एकमेकांना सांगायचं.

चौथा भाग वाचून मला सातारची ग्रामशिक्षण मोहीम दिसली, तिसऱ्यात माझी रात्रशाळा, दुसऱ्यात साक्षरतेच्या पुस्तिकेतली पेन्सिलीनं भरलेली पानं आणि पहिल्यात मुक्त विद्यापीठाचं पुस्तक. मी म्हणत नाही, की पवईच्या अभ्यासकांनी हे सगळं तिथून घेतलं. त्यांचे संदर्भ वेगळे आहेत, त्यांनी मोजमाप करून, पुन्हा पुन्हा तपासून हे उभं केलं. पण थकलेल्या, एकट्या, लाजणाऱ्या प्रौढाच्या गरजा बदलल्या नाहीत आणि ज्यानं ज्यानं मनापासून त्याच्याकडे पाहिलं, तो त्याच उत्तरांच्या आसपास आला.

टाळेबंदी आणि पुढं

२०२० च्या टाळेबंदीत शिक्षण एका रात्रीत ऑनलाइन झालं असं म्हणतात. ऑनलाइन झालं ते प्रक्षेपण. मीही त्या वर्षी घरबसल्या एका अभ्यासक्रमाला नाव घातलं. दीड-दीड तासाची व्याख्यानं, मध्ये एकही प्रश्न नाही, शेवटी तीस वस्तुनिष्ठ प्रश्न, आणि चुकलेल्या उत्तरापुढं नुसतं लाल चिन्ह. तिसऱ्या आठवड्यात मी बंद केलं. आणि गंमत अशी, की एवढं सगळं वाचून जमवून बसलेल्या माझ्याही मनात पहिला विचार आला तो आईचाच : आता या वयात डोक्यात शिरत नाही.

हा विचार किती खोल रुजलेला असतो! म्हणून मला या विषयाचा इतिहास महत्त्वाचा वाटतो. २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम, ‘उल्लास’, सुरू आहे. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी, स्वयंसेवकांच्या बळावर आणि मोबाइल ॲपच्या जोडीनं. कंपन्या आपल्या कामगारांना मोबाइलवर प्रशिक्षण देताहेत, बँका व्यवहार शिकवताहेत. पडदा आता प्रत्येकाच्या हातात आहे. त्यावरचा पाठ नवख्यानं तपासला आहे का, त्यात थांबायला जागा आहे का, चूक झाली तर तो समजावतो का, हे विचारण्याची सवय मात्र आपल्याला अजून लागायची आहे. शिकणारा उठून गेला तर आधी पाठ उघडून बघावा, एवढा एक शिरस्ता पडला तरी पुष्कळ.

आई २०११ मध्ये गेली. सही करायला ती शेवटच्या काही वर्षांत शिकली, बँकेसाठी, नातवाकडून. तो लहान होता, शिकवायचं कसं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आजीलाच विचारलं, “तुला कुठलं अक्षर येतं?” आणि ती ‘ठा’ म्हणाली. पाठ तिथून सुरू झाला. आमच्या आडनावात ‘ठा’ नाही, पण त्यातला काना आहे. त्याला तेवढं पुरलं.

गेल्या वर्षापासून आमच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या दोन बायका आठवड्यातून तीन दुपारी माझ्याकडे बसतात. पहिल्या दिवशी मी पाटी काढली नाही, त्यांचे मोबाइल काढायला सांगितले. एकीनं नावाशेजारचे फोटो ओळखून फोन लावून दाखवला, दुसरीनं नंबरांचे शेवटचे दोन आकडे. ‘रिचार्ज’ हा शब्द दोघींनी अख्खाच्या अख्खा वाचला. मी वहीत तारीख घातली आणि त्याखाली, त्यांना येणाऱ्या गोष्टींची यादी करायला घेतली. पहिलं पान त्यातच भरलं.